खरेदीच्या टेबलावरून समाजकार्य: मोठ्या संस्थेत राहून सामाजिक उद्योजकता कशी राबवावी

नाशिकमधील सातपूर किंवा अंबडच्या औद्योगिक वसाहतीतील एखादा मोठा कारखाना घेतला, तर त्याच्या गेटमधून दररोज कितीतरी लहानसहान वस्तू आत येत असतात: हातमोजे, मशीन पुसायचे कापड, ॲप्रन, पॅकिंगच्या पिशव्या, कॅन्टीनचा तांदूळ आणि भाजीपाला. या वस्तू कोणाकडून घ्यायच्या, पैसे किती दिवसांत द्यायचे आणि पुरवठादार कोणत्या अटींवर नोंदवायचा, हे निर्णय वर्षभर कोणीतरी टेबलावर बसून घेत असते. त्याच कारखान्याचा सीएसआर (कंपनीची सामाजिक जबाबदारी) विभाग वर्षातून काही वेळा पेठ किंवा सुरगाणा तालुक्याकडे जातो, शाळेला बाके देतो, आरोग्य शिबिर भरवतो. ही कामे चांगलीच आहेत. परंतु अंबडच्या एका कारखान्याच्या खरेदी विभागात अनेक वर्षे काम केल्यानंतर माझे असे ठाम मत झाले आहे की मोठ्या संस्थेची खरी सामाजिक ताकद तिच्या रोजच्या व्यवहारात असते. देणगीचा धनादेश एकदा वटतो. परचेस ऑर्डर, म्हणजे खरेदीची लेखी मागणी, दर महिन्याला निघते.

सामाजिक उद्योजक एखादा सामाजिक प्रश्न घेतो आणि तो सोडवणारा, स्वतःच्या पायावर उभा राहणारा व्यवहार उभा करतो. हेच काम नोकरी न सोडता, संस्थेची यंत्रणा, कौशल्य, पत आणि खरेदी वापरून करणे म्हणजे संस्थेच्या आतली सामाजिक उद्योजकता. त्यासाठी मोठे पद लागत नाही. स्टोअरचा सुपरवायझर, दर्जा तपासनीस, मनुष्यबळ विभागातील अधिकारी, कॅन्टीन समितीचा सदस्य, यांपैकी कोणीही सुरुवात करू शकतो. मात्र पद्धत माहीत असावी लागते, कारण चांगल्या हेतूने सुरू झालेली बहुतेक कामे हेतूत कमी पडत नाहीत, ती व्हेंडर (पुरवठादार) नोंदणीच्या फॉर्मवर अडकून संपतात.

पुढील विवेचनात मी हातमोजे शिवण्याचे एकच उदाहरण शेवटपर्यंत धरले आहे. वस्तू साधी आहे, पण तिच्यात जवळजवळ सगळ्या अडचणी येऊन जातात.

सीएसआरची सीमारेषा आधी ओळखावी

कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार, आधीच्या आर्थिक वर्षात ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी रुपये किंवा अधिक, उलाढाल १,००० कोटी किंवा अधिक, अथवा निव्वळ नफा ५ कोटी किंवा अधिक असेल, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करणे अपेक्षित आहे. ही तरतूद १ एप्रिल २०१४ पासून लागू आहे. तिच्या नियमांत दोन गोष्टी स्पष्ट आहेत: कंपनीच्या नेहमीच्या व्यवसायाचा भाग असलेले काम सीएसआर धरले जात नाही, आणि सीएसआर प्रकल्पातून काही शिल्लक निर्माण झाली तर ती कंपनीच्या नफ्यात मिळवता येत नाही.

याचा व्यवहारातला अर्थ असा की बचतगटाकडून हातमोजे विकत घेणे ही खरेदी आहे आणि ती खरेदी म्हणूनच नोंदवली पाहिजे. त्या महिलांना शिवणकामाचे प्रशिक्षण देणे हे मात्र कायद्याच्या सातव्या परिशिष्टातील रोजगारक्षम कौशल्ये आणि उपजीविका यांत बसू शकते. या दोन्ही बाजू सुरुवातीलाच वेगळ्या कागदांवर लिहाव्यात आणि कंपनी सचिवांचे मत लेखी घ्यावे. एका ठिकाणी दोन्हींची सरमिसळ झालेली मी पाहिली आहे. लेखापरीक्षणात प्रश्न निघाला आणि चांगले चाललेले काम सहा महिने थांबले.

खरेदीचा मार्ग मला अधिक टिकाऊ वाटतो. सीएसआरचा प्रकल्प मंजुरीच्या मुदतीनंतर संपतो, तर हातमोजे कारखाना चालू आहे तोपर्यंत लागतात.

प्रश्न शोधण्यासाठी आपलीच संस्था पायी फिरावी

पुष्कळ जण सुरुवात गावापासून करतात. मी म्हणेन की सुरुवात आपल्या स्टोअरपासून करावी. स्टोअरमधून मागील बारा महिन्यांच्या खरेदीची यादी काढावी आणि तिच्यावर चार प्रश्न लावावेत. वस्तू नियमित लागते का? ती बनवायला महागडे यंत्र लागते का? ती खराब निघाली तर कोणाच्या जिवाला किंवा ग्राहकाच्या मालाला धोका आहे का? आणि सध्याच्या पुरवठ्याबद्दल आपल्याच माणसांची काही तक्रार आहे का?

चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. ज्या वस्तूबद्दल शॉप फ्लोअरवर आधीपासून कुरकुर आहे, तिथे बदलाला मित्र मिळतात. आमच्याकडे पॅकिंग आणि माल हाताळणीच्या विभागांत सुती हातमोजे अंगठ्याच्या मुळाशी उसवतात, ही जुनी तक्रार होती. कामगार पाळी संपण्याआधी दुसरा जोड मागत आणि स्टोअरवाले तो द्यायला नाखूश असत. ज्या वस्तूबद्दल सगळे समाधानी आहेत, ती केवळ सामाजिक कारणासाठी बदलायला निघाल्यास पहिल्या चुकीलाच सगळे विरोधात जातात.

तिसऱ्या प्रश्नाबाबत तडजोड नको. ड्रिलिंग, लेथ यांसारख्या फिरत्या स्पिंडलच्या मशीनवर हातमोजे घालून काम करू देत नाहीत, कारण मोजा स्पिंडलमध्ये अडकून हात ओढला जातो. म्हणून सुती मोजे कोणत्या विभागात वापरायचे आणि कोणत्या विभागात मुळीच द्यायचे नाहीत, हे सेफ्टी अधिकाऱ्याकडून लिहून घ्यावे. कापण्यापासून, रसायनापासून किंवा विजेपासून संरक्षण देणारी साधने प्रमाणित पुरवठादाराकडूनच घ्यावीत. हा प्रयोगाचा विषय नाही.

कारखाना सोडून इतर संस्थांतही हीच रीत लागू पडते. रुग्णालयात चादरी आणि पडदे असतात, महाविद्यालयात वसतिगृहाचा किराणा असतो, सहकारी बँकेत कर्जाच्या अटी असतात. नागली (नाचणी), वरई आणि भात पिकवणारे पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी हे तालुके एकाच जिल्ह्यात असताना हजारभर माणसे जेवणाऱ्या कॅन्टीनमध्ये नागलीची भाकरी आठवड्यातून एकदाही नसावी, याचे मला मनापासून वाईट वाटते.

लोकांकडे जावे, पण तयार उपाय घेऊन जाऊ नये

पहिल्या भेटीत कोणतेही आश्वासन देऊ नये. ऑर्डरचा आकडा तर मुळीच सांगू नये, कारण गावात तो आकडा शब्द म्हणून धरला जातो आणि त्या भरवशावर कोणी मशीनसाठी कर्ज काढते. पहिली भेट ऐकण्यासाठी असावी: किती जणींना शिवण येते, पायमशीन किती, वीज केव्हा जाते, बँकेत खाते कोणाच्या नावावर आहे, घरातले कोण किती वाजता कामाला जाते.

पेठच्या बाजूच्या एका पाड्यावर बचतगटाच्या ताईंसमोर मी वर्षभराचा समान पुरवठा मांडला होता, दरमहा एवढे जोड, बाराही महिने. सगळ्या गप्प राहिल्या. शेवटी वयाने मोठ्या असलेल्या ताई म्हणाल्या, “साहेब, आवणीला आम्ही वावरात असतो. तेव्हा मशीनवर बसायला कोणी गावणार नाही. आणि दिवाळी झाली की निम्म्या जणी द्राक्षाला जातात.” त्या एका वाक्यात माझा सगळा तक्ता मोडला, आणि ते वेळेवर झाले हे बरे झाले.

या भागातील वर्ष कारखान्याच्या वर्षासारखे सरळ नसते. पावसाळ्यात भात आणि नागलीची आवणी, म्हणजे रोपांची लावणी, असते. दिवाळीच्या आगेमागे कापणी आणि मळणी असते. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीपासून (फळ धरण्यासाठीच्या छाटणीपासून) पुढे एप्रिलपर्यंत निफाड आणि दिंडोरीच्या द्राक्षबागांमध्ये मजुरीचे काम मिळते आणि अनेक कुटुंबे त्यासाठी घर सोडतात. म्हणून आम्ही एक साधे कोष्टक केले. बारा महिने लिहिले, प्रत्येक महिन्यासमोर गावात किती जणी असतात ते त्यांनाच विचारून भरले, आणि पुरवठा त्याप्रमाणे वर-खाली ठेवला. मे आणि जूनमध्ये जास्त माल शिवून घ्यायचा, तो कारखान्याच्या स्टोअरमध्ये ठेवायचा आणि जुलै-ऑगस्टमध्ये त्यावर चालवायचे. सुती मोज्यांना कोरड्या जागेशिवाय काही लागत नाही. स्टोअरमध्ये दोन रॅक अधिक अडतात, एवढीच त्याची किंमत.

दिवाळीनंतरचा प्रश्न अधिक अवघड आहे आणि त्यावर पूर्ण उपाय नाही. द्राक्षबागेतील मजुरी शिवणकामापेक्षा रोजाला जास्त पडते. ज्या जातात त्यांना अडवण्याचा आपल्याला अधिकार नाही. म्हाताऱ्या सासऱ्यांमुळे, लहान मुलांमुळे किंवा आजारपणामुळे ज्या गावातच राहतात, त्यांच्यापुरतेच त्या महिन्यांतले काम ठरवावे.

हिशेब दोन्ही बाजूंनी मांडावा

व्यवस्थापनापुढे जाताना करुणेची भाषा अपुरी पडते आणि केवळ नफ्याची भाषा खोटी वाटते. दोन्ही बाजूंचा हिशेब एका पानावर असावा. पुढील आकडे रीत समजावी म्हणून घेतले आहेत. प्रत्येकाने स्वतःचे आकडे भरावेत.

समजा, कारखान्याला महिन्याला ४,००० जोड लागतात, सध्याचा दर १८ रुपये आहे आणि एक जोड सरासरी ४ पाळ्या टिकतो. महिन्याचा खर्च ७२,००० रुपये झाला आणि त्यातून १६,००० पाळ्यांची गरज भागली. बचतगटाचा जोड कापडासह २० रुपयांना पडतो. दर पाहिला तर तो महाग आहे आणि खरेदी समिती तिथेच फाईल बंद करील. पण दुहेरी शिलाईमुळे तो ५ पाळ्या टिकला, तर त्याच १६,००० पाळ्यांना ३,२०० जोड पुरतात आणि खर्च ६४,००० रुपये येतो. वाहतुकीचे ३,००० रुपये धरले तरी ५,००० रुपयांची बचत राहते. आणि तो ४ पाळ्याच टिकला, तर खर्च ८०,००० आणि वाहतूक वेगळी, म्हणजे सरळ तोटा. सगळा प्रश्न जोड किती पाळ्या टिकतो यावर येऊन थांबतो, आणि तो मतांनी सुटत नाही, मोजून सुटतो. म्हणूनच पुढे प्रयोग करायचा आहे.

दुसरी बाजू मजुरीची. जोडामागे ६ रुपये शिलाई धरली, तर ३,२०० जोडांचे १९,२०० रुपये होतात. बारा जणींत वाटले तर प्रत्येकीला महिन्याला १,६०० रुपये. ही रक्कम लहान आहे आणि ती लहान आहे असेच प्रस्तावात लिहावे. त्यातून मुलांचे शिक्षण आणि दवाखान्याचा अचानक येणारा खर्च यांना आधार होतो; कुटुंबाची गरिबी हटत नाही. एका जोडाला किती मिनिटे लागतात हे घड्याळ लावून मोजावे, तासाची मजुरी काढावी आणि ती किमान वेतनाच्या खाली जात असेल तर दर वाढवावा. स्वस्त मजुरीमुळे जुळलेला हिशेब हा शोषणाचा हिशेब असतो, मग त्याला कोणतेही नाव दिले तरी.

कोणत्या विभागाला कशाची काळजी वाटते

संस्थेतील विरोध बहुतेक वेळा दुष्टपणातून येत नाही. प्रत्येक विभागावर एक जबाबदारी असते आणि नवा पुरवठादार म्हणजे त्या जबाबदारीवरचा नवा धोका. बैठक बोलावण्याआधी प्रत्येकाला त्याच्या टेबलावर जाऊन भेटावे आणि त्याची काळजी त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावी.

खरेदी विभागाची काळजी कागदपत्रांची असते. व्हेंडर नोंदणीचा फॉर्म जीएसटी क्रमांक, तीन वर्षांचे ताळेबंद आणि किमान उलाढाल मागतो. बचतगटाकडे यांपैकी काहीच नसते. परंतु महाराष्ट्रात केवळ वस्तूंचा राज्यांतर्गत पुरवठा करणाऱ्याला वार्षिक ४० लाख रुपये उलाढालीपर्यंत सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणी बंधनकारक नाही, आणि सेवांसाठी ती मर्यादा २० लाख आहे. म्हणजे अडचण कायद्यात नसून आपल्या फॉर्मच्या रकान्यात आहे. ‘ठरावीक रकमेच्या आतील लघुपुरवठादार’ असा वेगळा, एका पानाचा फॉर्म मंजूर करून घेणे हे या सगळ्या कामातले सर्वांत कंटाळवाणे आणि सर्वांत मोलाचे पाऊल आहे. हातमोज्यांचे काम उद्या बंद पडले तरी तो फॉर्म राहतो आणि त्यातून दुसरा कोणी आत येऊ शकतो. गटाचे पॅन, बँक खाते, ठरावाची प्रत आणि उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) एवढे पुरेसे असते. १ जुलै २०२० पासून सुरू झालेली उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि निःशुल्क आहे, त्यामुळे तिच्यासाठी कोणा दलालाला पैसे देऊ नयेत.

खेळते भांडवल हा पुढचा प्रश्न. कापडाचे तागे विकत घ्यायला गटाकडे पैसे नसतात. इथे अंबड-सातपूरच्या प्रत्येक वर्कशॉपला ठाऊक असलेली जॉबवर्कची रीत वापरावी: कारखान्याने कापड चलनावर (मालासोबतच्या पावतीवर) पाठवायचे, गटाने शिवून परत द्यायचे आणि शिलाईचे बिल लावायचे. जीएसटी कायद्यानुसार जॉबवर्कला पाठवलेला कच्चा माल एका वर्षाच्या आत परत यावा लागतो, एवढी नोंद स्टोअरने ठेवावी.

लेखा विभागाला पैसे लवकर देण्याची सवय नसते. सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योग विकास कायदा २००६ नुसार सूक्ष्म आणि लघू पुरवठादाराचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढीने व्याज लागते. शिवाय २०२३ च्या वित्त कायद्याने आयकरात केलेल्या बदलानुसार, १ एप्रिल २०२४ पासून सुरू झालेल्या करनिर्धारण वर्षापासून, अशी मुदतीबाहेर थकलेली रक्कम त्या वर्षीचा खर्च म्हणून वजा मिळत नाही; ती प्रत्यक्ष दिल्यावरच मिळते. ही माहिती लेखा विभागाला असतेच, पण प्रस्तावात ती लिहिलेली असली की चर्चा बदलते. तरीही ४५ दिवस हे गावातल्या बाईसाठी फार आहेत. माल तपासून घेतल्यापासून सात दिवसांत पैसे, आणि ते शक्य असेल तिथे प्रत्येकीच्या खात्यात जातील अशी गटाची पद्धत, ही अट शेवटपर्यंत सोडू नये. दरात आठ आणे कमी-जास्त चालतील, सात दिवसांचे तीस दिवस चालणार नाहीत.

युनियनला आपल्या सदस्यांचे काम बाहेर जाते आहे का, एवढेच पाहायचे असते. जात नसेल तर तसे लेखी द्यावे आणि मोजे वापरून पाहणाऱ्या कामगारांची नावे युनियनलाच सुचवायला सांगावीत. शेअर बाजारात सूचिबद्ध असलेल्या कंपनीत शाश्वततेचे अहवाल लिहिणारा विभाग हाही मित्र होऊ शकतो. बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० सूचिबद्ध कंपन्यांना २०२२-२३ पासून सेबी या बाजार नियामकाच्या नमुन्यात व्यवसाय जबाबदारी आणि शाश्वतता अहवाल देणे बंधनकारक आहे, आणि त्यात लघुउत्पादकांकडून थेट किती टक्के कच्चा माल घेतला हे विचारले जाते. वंचित घटकांकडून प्राधान्याने खरेदी करण्याचे धोरण आहे का, हाही प्रश्न त्यात आहे. ज्याला तो रकाना भरायचा आहे, त्याला आपले काम हवेच असते.

प्रयोग लहान, मुदतीचा आणि उघड असावा

एक विभाग, एक पाळी, नव्वद दिवस. सुरुवातीला ३०० जोड पुरेत. यशाची आणि थांबण्याची अट आधीच लिहून सही घ्यावी: सरासरी टिकाऊपणा पावणेपाच पाळ्यांहून अधिक, परत जाणारा माल अमुक टक्क्यांच्या आत, दोनपेक्षा अधिक वेळा उशीर नाही. अटी आधी लिहिल्या नाहीत, तर प्रत्येक चूक शेवटची ठरते.

आमची पहिली खेप सावळघाटातून एसटीने नाशिकच्या पेठ नाक्यावर आली आणि कारखान्याच्या इनवर्ड (आत येणाऱ्या मालाच्या) तपासणीत तिच्यातील बराच माल नाकारला गेला. शिलाई घट्ट होती, टाके सरळ होते, पण एकाच आकाराच्या मोज्यांत अंगठ्याचे तोंड कुठे दोन बोटे रुंद तर कुठे दीड. मी तपासणीच्या टेबलावर वीस मोजे एकमेकांवर ठेवून पाहिले. तळहाताची बाजू सगळ्यांची जुळत होती, फरक फक्त अंगठ्यापाशी पडत होता. पाड्यावर गेल्यावर कारण दिसले. कापणी कागदाच्या नमुन्यावरून होत होती, खडूने आखताना त्या कागदाची अंगठ्याकडची कड दरवेळी थोडी दुमडत होती, आणि शंभर वेळा वापरल्यावर ती कड झिजून आत गेली होती. हाताच्या कौशल्याचा प्रश्नच नव्हता.

टूलरूममधल्या (कारखान्यातली अवजारे आणि साचे बनवणाऱ्या विभागातल्या) एका जुन्या कारागिराला मी तो कागद दाखवला. त्यांनी स्क्रॅपमधला पत्र्याचा तुकडा घेतला, कागद चिकटवून कड आखली, कापली, कानशीने कडा मारून गुळगुळीत केल्या म्हणजे हाताला लागू नये, आणि वरच्या बाजूला पंच मारून आकार लिहिला. तास-दीड तासाचे काम. तीन आकारांचे तीन फर्मे (पत्र्याचे नमुने) पुढच्या एसटीने पाड्यावर गेले आणि पुढच्या खेपेत अंगठ्याची तक्रार उरली नाही. या घटनेत सगळा विषय सामावलेला आहे असे मला वाटते. तो फर्मा कोणत्याही देणगीतून आला नसता, कारण गावात कोणालाच तो मागावा हे ठाऊक नव्हते, आणि कारखान्यात तो बनवणाऱ्याला त्याची गरज कुठे आहे हे ठाऊक नव्हते.

नाकारलेला माल केवळ शिक्का मारून परत पाठवू नये. दर्जा तपासनीसाला महिन्यातून एकदा पाड्यावर न्यावे, किंवा गटातील दोघींना तपासणीच्या टेबलाशी आणावे आणि माल नाकारण्याचे कारण हातात धरून दाखवावे. काम घरी जात असल्यामुळे शिवायला लहान मुले बसत नाहीत ना, हे त्याच भेटींत पाहावे आणि तशी अट करारात स्पष्ट लिहावी.

प्रयोगाने मूळ कल्पनाच बदलायला लावली तर तीही तयारी हवी. व्होडाफोनमधील निक ह्यूज आणि सुझी लोनी यांनी केनियात मोबाइलवरून पैशांच्या व्यवहाराचा जो प्रयोग २००५ मध्ये केला, तो सूक्ष्मकर्जांचे हप्ते भरण्यासाठी होता. कंपनीच्या अंतर्गत स्पर्धेत अशा कामाला पैसा मिळणे अवघड होते, म्हणून ब्रिटन सरकारच्या आंतरराष्ट्रीय विकास विभागाच्या निधीची जोड घेतली गेली. प्रत्यक्षात लोक ती सोय एकमेकांना पैसे पाठवायला वापरत आहेत असे दिसले, आणि मार्च २००७ मध्ये केनियातील मोबाइल कंपनी सफारीकॉमने एम-पेसा सुरू केले ते घरी पैसे पाठवण्याची सोय म्हणूनच.

ज्याचे काम जाते त्याचाही विचार करावा

आपण खरेदी वळवतो तेव्हा कोणाची तरी खरेदी तुटते. जुना मोजेवाला बहुधा आपल्याच शहरातला लहान व्यापारी असतो आणि त्याने अडीनडीला रात्री माल आणून दिलेला असतो. त्याला अंधारात ठेवू नये.

आयटीसीच्या ई-चौपालचे उदाहरण इथे उपयोगी आहे. कंपनीच्या कृषी व्यवसायाचे प्रमुख एस. शिवकुमार यांच्या पुढाकाराने २००० साली मध्य प्रदेशात ते सुरू झाले. गावातल्याच एका शेतकऱ्याच्या घरी संगणक ठेवून सोयाबीनचे भाव आधीच कळवायचे, माल थेट कंपनीच्या केंद्रावर इलेक्ट्रॉनिक काट्यावर घ्यायचा आणि पैसे तिथेच द्यायचे, अशी ती रीत होती. लासलगाव किंवा पिंपळगावच्या बाजार समितीत वावरणाऱ्याला अशा बदलात आडत्याचे काय होईल हे सांगावे लागत नाही. कंपनीने काही आडत्यांनाच ‘संयोजक’ म्हणून व्यवस्थेत घेतले. रोख रक्कम, वाहतूक, मालाची हाताळणी यांची त्यांची जाण कंपनीकडे नव्हती.

आम्हीही जुन्या पुरवठादाराला कापडाचे तागे पुरवण्याचे आणि पावसाळ्यात राखीव साठा ठेवण्याचे काम दिले. त्याचा व्यवसाय घटला, पण संपला नाही, आणि आवणीच्या महिन्यांत साठा कमी पडला तेव्हा त्यानेच सांभाळून घेतले.

सार्वजनिक क्षेत्रातील वाचकांसाठी

केंद्र सरकारची खाती आणि सार्वजनिक उपक्रम यांना २०१२ चे सूक्ष्म व लघू उद्योग खरेदी धोरण लागू आहे. त्यानुसार वार्षिक खरेदीचा किमान २५ टक्के भाग अशा उद्योगांकडून घ्यायचा असून त्यात ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या आणि ३ टक्के महिलांच्या उद्योगांसाठी आहे; निविदा संच विनामूल्य मिळतो आणि बयाणा रकमेतून सूट असते. ओझर किंवा नाशिक रोडसारख्या ठिकाणी केंद्रीय उपक्रमांत काम करणाऱ्याला त्यामुळे नवे धोरण मागायची गरज नाही. आहे ते धोरण आपल्या टेबलावरच्या निविदेला लागू होते का, हे विचारणे पुरेसे असते.

मोजावे काय

किती महिलांना ‘लाभ’ झाला, हा आकडा मी अहवालात लिहू देत नसे. त्याऐवजी चार नोंदी ठेवाव्यात: प्रत्येकीच्या हाती महिन्याला पडलेली रक्कम, बिलापासून पैसे मिळेपर्यंत गेलेले दिवस, परत गेलेल्या मालाचे प्रमाण, आणि कारखान्याचा पाळीमागचा खर्च. यांशिवाय वर्षातून एकदा शांतपणे बसून विचारावे की हे काम नसते तर त्यांनी त्या वेळात काय केले असते. एकीने मला सांगितले होते की तिने घरची कोंबडीपालनाची जोड या कामासाठी बंद केली. तिच्या मिळकतीतून तेवढे वजा करूनच आमचा खरा परिणाम निघत होता.

स्वतःची बाजू स्वच्छ ठेवावी

गटात आपले नातेवाईक असतील तर तसे पहिल्याच दिवशी लेखी कळवावे आणि दर ठरवण्याच्या प्रक्रियेतून बाहेर राहावे. वरिष्ठांना वगळून थेट संचालकांकडे जाऊ नये. एकदा काम झाले तरी पुढची दहा कामे अडतात. श्रेय वाटून टाकावे. टूलरूमच्या कारागिराचे, तपासनीसाचे आणि स्टोअरमधल्या माणसाचे नाव अहवालात असले की पुढच्या अडचणीत ते स्वतःहून उभे राहतात. आणि थांबायची लिहिलेली अट पूर्ण झाली, तर थांबावे. हातातली ऑर्डर पूर्ण घ्यावी, तिचे पैसे द्यावेत आणि कारण पाड्यावर जाऊन समोरासमोर सांगावे, फोनवर नव्हे.

माणूस बदलला तरी काम राहावे यासाठी

बदली, बढती, निवृत्ती यांत अशी कामे संपतात. म्हणून प्रयोग यशस्वी होताच चार गोष्टी कराव्यात. गटाला संगणक प्रणालीत कायमचा व्हेंडर कोड आणि मोज्याला आयटम कोड मिळवून द्यावा. एकेका ऑर्डरऐवजी वर्षाचा दर करार करावा आणि त्यात आवणीचे महिने, आगाऊ साठा, सात दिवसांत पैसे हे कलम म्हणून लिहावे. गटाला दुसरा गिऱ्हाईक शोधायला मदत करावी, कारण एकाच कारखान्यावर उभा असलेला गट त्या कारखान्याच्या मंदीत कोसळतो. वसाहतीतील उद्योजक संघटनेच्या बैठकीत पाच मिनिटे मागून नमुना दाखवता येतो.

चौथी गोष्ट लहान दिसते. आमच्या त्या पत्र्याच्या फर्म्याला टूलरूमने ड्रॉइंग क्रमांक दिला आणि तो रजिस्टरमध्ये इतर जिग-फिक्श्चरच्या (काम धरून ठेवणाऱ्या साधनांच्या) ओळीत चढवला. आता दर सहा महिन्यांनी त्याची कड गेजवर तपासली जाते, झिजली असेल तर नवा कापून एसटीने पेठला पाठवला जातो, आणि ते काम करणाऱ्या नव्या मुलाला त्यासाठी मला किंवा आणखी कोणाला विचारावे लागत नाही.